पाण्यापासून जपा

आमच्या दुकानातून गादी घेऊन निघालेल्या गिऱ्हाइकाला मी एक वाक्य हमखास सांगायचे, "पाण्यापासून जपा बरं का." ही सवय मला सासऱ्यांकडून लागली. आम्ही जुन्नरचे पिंजारी. सासरे दारोदार धनुकली घेऊन हिंडायचे, लोकांच्या अंगणात बसून कापूस पिंजायचे, आणि उठताना हे वाक्य म्हणायचे. पुढे कापूस मागे पडला, स्पंज आला, दुकान आलं, टेम्पो-गाड्यांची सीट कव्हरं आली. पण वाक्य तेच राहिलं. कारण स्पंज कापसाहूनही वाईट. एकदा का पाणी प्यायला की सोडत नाही. भिजलेली गादी गच्चीवर न्यायला दोन गडी लागतात आणि तरी वाटेत जिना भिजतो. हे मला माहीत होतं. रोज माझ्या तोंडात होतं. म्हणून "मला ठाऊक नव्हतं" असं म्हणायचीसुद्धा मला सोय नाही.

दुकानात कापणं आणि भरणं आमच्या ह्यांचं, मशीन माझं. आणि बोलणंही माझंच, असं गिऱ्हाईक म्हणतात. बेल्ह्याच्या बाजारातले टेम्पोवाले सीट शिवून घ्यायला येतात ते मुद्दाम माझ्याशी वाद घालायला. "भाभी, जरा कमी स्पंज घाला, पण लवकर द्या." मी म्हणायचे, "मग पोत्यावर बस की बाबा, माझ्याकडे कशाला आलास?" माझ्या हातून हलकं काम गेलेलं मला खपत नाही. हात दाबायचा, सोडायचा. गादी वर आली की माल चांगला. मऊ ते चांगलं, टोचतं ते वाईट. एवढ्या दोन गोष्टींवर माझं सगळं शहाणपण उभं होतं, आणि त्याचा मला फार गर्व होता.

दिवाळीच्या आधी आमचं एक जुनं गिऱ्हाईक पोतं घेऊन आलं. धरणाच्या काठाला त्याची जमीन आहे. उन्हाळ्यात पाणी हटलं की गाळात काकडी-टरबूज करतो, आणि एरवी येणाऱ्या-जाणाऱ्यांना दोन बोटींतून धरणात फिरवून आणतो. त्या बोटींच्या गाद्याही मीच रेक्झीनमध्ये शिवल्या होत्या. त्याने पोतं माझ्या पुढ्यात ओतलं.

"भाभी, जाकिटं हायेत, बोटीतली. आता नियम लई कडक केलाय. बोटीत पाय ठेवायच्या आधी जाकीट अंगावर पायजे, अन् फाटकं चालायचं न्हाई. ह्यांच्या खोळी तेवढ्या बदलून द्या."

जाकिटांची दशा बघवत नव्हती. नारंगी रंग उडून पार भगभगीत पिवळा झालेला, चेनी तुटलेल्या, शिवणी उसवलेल्या. मी एक घेतलं आणि ब्लेडनं पोट फाडलं. आत काय? पांढऱ्या, ताठ पट्ट्या. थर्माकोल नव्हे, पण त्याच्याच जातीचं काहीतरी. दाबल्या तर दबेनात. काहींचे कोपरे तुटलेले, काही पिवळ्या पडलेल्या, आणि सगळ्यांना माशाचा वास.

"शी! हे काय भरण आहे?" मी म्हटलं. "असलं भरण मी बैलाच्या झुलीलासुद्धा घालणार नाही."

आमचे हे कात्री चालवता चालवता म्हणाले, "अगं, खोळच बदल म्हणतोय ना तो. आतलं राहू दे की."

"तुम्ही गप बसा," मी म्हटलं. "माझ्या हातचं काम आहे. लोक अंगाला लावणार."

ते पुन्हा कात्रीकडं वळले. पुढे त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

एका लग्नाच्या गाद्यांचा चांगला, दाट स्पंज उरला होता. मी तो कापून प्रत्येक जाकिटात भरला, पुढे दोन्ही बाजूंना आणि मागे पाठीला. नवं नारंगी कापड, जाड चेन, नायलॉनच्या दोऱ्याची दुहेरी शिवण. मानेपाशी आतून एक कडक पट्टी शिवलेली होती, इंग्रजीत बारीक काहीतरी छापलेली. ती टोचत होती. मी एकेक करून सगळ्या पट्ट्या उसवून टाकल्या. चांगला शिवणारा माणूस गळ्याला टोचेल असं काही ठेवत नाही. त्या पट्टीवर जाकीट कसलं आहे, किती वजनाच्या माणसाला पेलतं, हे छापलेलं असतं, हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी ती केरसुणीनं झाडून बाहेर काढली.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी माहेरी आली होती. तिला मंचरला दिलीय. तिची पोर, माझी नात, बालवाडीत जाते, आणि आली की दुकानातल्या चिंध्यांत लोळत असते. जाकिटांतून काढलेल्या त्या पांढऱ्या पट्ट्या मी मोरीजवळ टाकल्या होत्या. तिने त्यातली एक उचलली, पाण्याच्या टबात सोडली आणि तिच्यावर बाहुली बसवली. बाहुली कसली, पितळी डोक्याची जडशीळ ठकी. माझ्या सासूबाईंची.

"नानी, बघ! बुडतच नाय!"

मी मशीनवरून मान वर केली, बघितलं आणि म्हटलं, "टाक तो कचरा. हात धू."

हे सगळं माझ्या डोळ्यांपुढं झालं. टबात, माझ्या मोरीत. आणखी कुणी काय सांगायला हवं होतं?

बोटवाला जाकिटं न्यायला आला तेव्हा त्याने एक उचलून गादीसारखं दाबून पाहिलं. "आयला, भाभी! ह्यावर तर झोप लागंल, राव!" मी खूष. त्याने पोतं खांद्यावर घेतलं, उंबऱ्यापर्यंत गेला, आणि सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "पाण्यापासून जपा बरं का."

त्याने वळून माझ्याकडं बघितलं. मग तो असा हसला की पोतं खाली पडलं. आमचे हे पोट धरून हसले. मीही हसले, पदर तोंडात कोंबून. "भाभी, बोटीतली जाकिटं हायेत ती! पाण्यापासून जपू?" तो जाताना सगळ्या बाजारपेठेत सांगत गेला. पुढे महिनाभर, रस्त्यानं जाणारासुद्धा दुकानात डोकावून म्हणायचा, "काय भाभी, पाण्यापासून जपताय ना?" मी लटकी चिडायचे. खरं तर मला आवडायचं.

त्या हिवाळ्यात त्याच्याकडं खूप माणसं आली. तो मोबाईलवर फोटो टाकायचा. पुण्याकडचे लोक, शाळेच्या सहली, नवीन लग्न झालेली जोडपी, सगळे माझ्या नारंगी जाकिटांत. मी फोटो मोठा करून माणसांकडे नव्हे, माझ्या शिवणीकडं बघायचे. एकदा बाजाराला आला तेव्हा तो म्हणाला, "मऊ लई हायेत, भाभी, पण पाणी उडालं की वाळंनात लवकर."

"चांगल्या मालाला वेळ लागतोच," मी ठसक्यात म्हटलं. "उलटी करून उन्हात टाकत जा."

बघा. इथंही चूक कळायला दार उघडं होतं.

रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं घरची माणसं घेऊन कुठंतरी बाहेर जायची पद्धत आहे. ह्या वेळी मुलगी, जावई आणि नात आली होती. मीच म्हटलं, धरणावर जाऊ, माझं काम तरी बघा. बोटवाल्याने आम्हाला बघितलं आणि लांबूनच आरोळी ठोकली, "या पावणं! आज पयली बोट तुमची." त्याच्या बायकोची काठावर भज्यांची गाडी असते. तिने आधी चहा पाजला.

मुलगी बोटीत बसायला तयार नव्हती. लहानपणापासून तिला पाण्याची धास्ती. "अम्मी, मला पोहता येत नाही. ह्यांनापण नाही. पोरीला घेऊन कशाला?"

मी स्वतः पाण्याला भिते. मी काही बसणार नव्हते. पण माझं काम वाया चाललंय असं मला वाटलं. मी तिच्या अंगात जाकीट चढवलं, चेन लावली आणि तिच्या पाठीवर थाप मारली.

"अगं, माझ्या हातचं आहे. बुडायचं म्हटलंस तरी बुडणार नाहीस."

ती हसली. तिने विश्वास ठेवला. आईच्या हातचं म्हटल्यावर कोण ठेवणार नाही? नातीसाठी तर मी एक छोटं जाकीट खास शिवलं होतं, खिशावर पिवळं फूल भरून. जावई, मुलगी, नात आणि आमचे हे, चौघं बोटीत बसली. बोटवाल्याने इंजिन सुरू केलं. मी काठावर राहिले.

तारेवर काही जाकिटं वाळत घातली होती. एकावर भज्यांच्या तेलाचा ओघळ होता, वर कावळ्यानं घाण केलेली. माझ्या हातचं काम असं कळकट दिसलेलं मला बघवेना. मी भज्यांच्या गाडीवरून साबणाची वडी मागून घेतली, साडी गुडघ्यापर्यंत वर खोचली आणि पाण्याच्या कडेला बसून जाकीट पाण्यात बुचकळलं. ते आधी तरंगलं. मी साबण लावून कपडा धुतात तसं दाबलं. भसाभसा बुडबुडे आले. पुन्हा दाबलं, पुन्हा बुडबुडे. मग ते वर येईनाच. पट्टा माझ्या मनगटाला अडकला होता. तो खाली ओढायला लागला. मी दोन्ही हातांनी जाकीट उचललं तर उचलवेना. भिजलेल्या गादीचं वजन माझ्या हातांना चांगलं ओळखीचं आहे. हातांनी आधी ओळखलं, डोकं मागून आलं.

मी मान वर केली. बोट मधोमध होती.

मी उठले आणि ओरडायला लागले. काय ओरडणार? जाकिटं काढा? घाला? मला काहीच सुचेना, नुसते हात हलवत होते, "या! परत या!" इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? बोटवाल्याच्या बायकोला मी ओरडून सांगितलं, फोन लाव त्याला. तिने लावला. फोन भज्यांच्या गाडीवरच वाजला, पिठाच्या डब्यामागं चार्जिंगला लावलेला होता.

दुपारचं वारं सुटलं होतं. पाण्यावर बारीक लाटा उठल्या होत्या. मी आणखी जोरात हात केले. तेव्हा माझ्या मुलीनं मला पाहिलं. तिला वाटलं, अम्मी खुशीत येऊन हात करतेय. ती बोटीत उभी राहिली. एका हातानं पोरीला उचलून उंच धरलं आणि दुसऱ्या हातानं मला हात करायला लागली. बोट एका अंगाला कलली.

बोटवाल्याची बायको माझा दंड धरून ओरडली, "भाभी, बसा खाली! तुमी हात करताय म्हणून ती उठतीया!"

मी चिखलात बसले. हात मांड्यांखाली दाबून धरले. ते पाणी प्यायलेलं जाकीट मांडीवर पडलं होतं, माझे कपडे भिजवत. आणि मी हसले. हो, हसले. इतक्या लांबून तिला माझे दात दिसणार नव्हते, पण मला वाटलं, मी हसत बसलेली दिसले तर ती बसेल. या अल्लाह, आज नको. माझं काय करायचं ते कर, पण आज नको. मला फक्त ती टबातली ठकी दिसत होती, पांढऱ्या कचऱ्यावर ऐटीत बसलेली. आणि "टाक तो कचरा" म्हणणारा माझा आवाज ऐकू येत होता.

मुलगी बसली. माझ्या हसण्यामुळं नाही, तिला आमच्या ह्यांनी ओढून बसवली. बोट वळली, हळूहळू काठाला आली. तो वेळ कसा गेला ते मला सांगता यायचं नाही.

बोट चिखलाला लागली तशी मी नातीला ओढून घेतली. ती झोपाळली होती, गाल जाकिटावर टेकवून. "नानी, लई मऊ आहे," ती म्हणाली. मी तिची चेन उघडायला गेले तर उघडेना. शेवटी चेन तोडली. मुलगी विचारत होती, "अम्मी, काय झालं? काय झालं?" मी ते भिजलेलं जाकीट बोटवाल्याच्या पायापुढं टाकलं. ते धप्पकन पडलं आणि त्यातून पाणी वाहायला लागलं, वाहतच राहिलं.

"मी आतलं भरण बदललं," मी म्हटलं. "तुला न सांगता. त्यात गादीचा स्पंज आहे. हे बुडतं."

त्याने वाकून ते उचललं. वजन बघितलं. मग माझ्याकडं नाही, पाण्याकडं बघितलं. मागं पुढच्या फेरीसाठी माणसं उभी होती, एक बाई लेकराला जाकीट घालत होती. तो तिच्याकडं गेला, लेकराच्या अंगातून जाकीट काढलं आणि म्हणाला, "आज बोट बंद." लोक कुरकुरले. कुणीतरी विचारलं, का म्हणून? त्याने माझं नाव घेतलं नाही. त्याने दोन्ही बोटी साखळीनं बांधल्या आणि येऊन माझ्याशेजारी चिखलातच बसला.

मला वाटलं, आता शिव्या देईल. मला त्या हव्या होत्या. माझ्यासारख्या भांडखोर बाईला कुणीतरी चार शब्द सुनवावेत, म्हणजे मलाही उलट बोलता येईल, रडता येईल.

तो म्हणाला, "भाभी, तुमी तर सांगितलं व्हतं. पाण्यापासून जपा म्हणून. आमीच हसलो."

त्याने ते टोमणा म्हणून नाही म्हटलं. तेच वाईट.

घरी येताना गाडीत मुलगी पोरीला उराशी धरून तिच्या केसांवर ओठ टेकून बसली होती. जुन्नर आलं तरी तिने मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी मंचरला निघताना ती मला म्हणाली, "अम्मी, तू मुद्दाम थोडंच केलंस?" मी म्हटलं, नाही. मुद्दाम केलं असतं तर निदान थोडा विचार तरी केला असता.

आमचे हे म्हणतात, झालं काहीच नाही ना, मग झुरतेस कशाला? काही झालं नाही ते नशिबानं, माझ्या कारागिरीनं नव्हे. आणि मी झुरते ती फक्त माझ्या माणसांसाठी नाही. तो सगळा हिवाळा माझ्या मोबाईलमध्ये आहे. शाळेची पोरं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून उभी, एक म्हातारा नवरदेवासारखा ताठ बसलेला, एक पोरगी बोटीच्या कडेवर वाकून पाण्यात हात घालतेय. ती सगळी माझ्या भरवशावर वाकली होती. त्यांना ते कधीच कळणार नाही. मी त्यांची माफी मागायला कुठं जाऊ? फोटो पुसून टाकायला बसले होते, पण पुसवले नाहीत. दिसतं तसं नसतं म्हणतात. त्या फोटोंत किती चांगलं दिसतं सगळं.

माझी जाकिटं मी त्याच आठवड्यात फाडली. त्यातला स्पंज कोरडा करून ठेवलाय, पण कशात भरायला हात होत नाही.

बोटवाल्याने नवी जाकिटं आणली. ताठ, कडक, मानेपाशी छापील पट्टी असलेली. ती आणल्यावर त्याने मला बोलावून घेतलं, आणि माझ्यासमोर एकेक जाकीट पाण्यात दाबून दाखवलं. प्रत्येक जाकीट हातातून सुटल्याबरोबर वर येत होतं. मी सगळी बघितली. मला तिथून लवकर निघायचं होतं, पण तो दाखवत राहिला आणि मी बघत राहिले.

दुकानात आता गिऱ्हाईक गादी घेऊन निघालं की माझी जीभ अडते. ते उंबऱ्यापाशी क्षणभर थांबतं, लोकांनाही सवय झालेली असते. मी मशीनकडं बघते. मग आतून आमचे हे म्हणतात, "पाण्यापासून जपा."

परवा मुलगी आली होती. नातीनं हट्ट धरला, बोटीत बसायचंच. मुलगी नको म्हणाली. शेवटी मीच म्हटलं, चला, आणि ह्या वेळी मी पण बसते. काठावर मी नातीच्या अंगात नवं जाकीट घातलं, चेन ओढली, बक्कल लावलं. पोरगी मान वेडीवाकडी करायला लागली.

"नानी, टोचतंय. तुझंवालं दे ना, मऊवालं."

आयुष्यभर मी कुणाच्या गळ्याला काही टोचू दिलं नाही. मुलगी माझ्याकडं बघत होती.

"टोचू दे," मी म्हटलं, आणि पट्टा आणखी आवळला.